मागितला तेवढाच धागा

आमच्या गल्लीत वाटपकाकूंच्या घरी रिकाम्या हाताने जाता येतं, पण रिकाम्या हाताने निघता येत नाही. पोस्टमन पत्र टाकायला गेला की पायपुसणं घेऊन निघतो. पाण्याचं मीटर बघणारा माणूस तर आता लांबूनच मीटर वाचतो म्हणतात, कारण त्याच्या घरात पायपुसण्यांना जागा उरलेली नाही. एकदा कुणी परका माणूस पत्ता विचारायला फाटकाशी थांबला. बऱ्याच वेळाने तो काखेत सतरंजी घेऊन बाहेर पडला आणि कोपऱ्यावर येऊन आम्हालाच विचारू लागला की अहो, मी कुठे चाललो होतो?

काकूंना खरं नाव आहे, कागदोपत्री कुठेतरी असेल. वाटपकाकू हे नाव धक्क्यावरच्या मासे विकणाऱ्या बायकांनी पाडलं. ते कानावर आल्यावर काकू रागावल्या नाहीत. जिने पाडलं तिला शोधून काढून त्यांनी एक बसायचं आसन देऊन टाकलं.

धक्क्याकडे जाताना गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं. घर म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी. पुढची सगळी खोली हातमागाने खाल्लेली आहे आणि उरलेल्या जागेत काकू आणि काका अंग चोरून राहतात. मागाच्या कडेने आत जायचं तर पोट आत घ्यावं लागतं. ज्याला ते जमत नाही त्याच्याशी काकू खिडकीतूनच बोलतात. काका उभा जन्म फेरीबोटीच्या इंजिनापाशी काम करून निवृत्त झाले. इंजिनाने त्यांचे कान नेले. काकूंचं म्हणणं असं, की नेले ते फक्त बायकोचं ऐकायचे, कारण शेजारी रेडिओवर क्रिकेट लागलं की यांना विकेट पडलेली बरोबर कळते.

कापडासाठी काकूंनी आयुष्यात नवं सूत विकत आणलं नाही. फाटकाला एक मोठा आकडा आहे, त्याला लोक जुन्या कपड्यांची बोचकी अडकवून जातात. विरलेल्या चादरी, कॉलर गेलेले सदरे, पोरांनी गुडघ्यात फाडलेल्या विजारी, पडदे. काकू त्यांच्या लांब पट्ट्या फाडतात. ते काम त्या ओसरीवर बसून करतात आणि कापड टर्रकन फाटल्याचा आवाज ऐकू आला की गल्ली ओळखते, आज काकूंचा मूड चांगला आहे. ताण्याचे, म्हणजे मागावर लांब ताणून बसवायचे धागे येतात धक्क्यावरून. बोटी बांधायचे सुती दोर झिजले की खलाशी ते काकूंच्या अंगणात आणून टाकतात. काकू दोराचा पीळ सोडवतात, पेड सुटे करतात, मीठ जाईपर्यंत उकळतात आणि बोटांनी पुन्हा बारीक वळतात. रंगांसाठी मागच्या दारी दोन पिंपं आहेत. एकात जहाजांचे गंजके खिळे भिजतात, त्यातून ढगासारखा करडा रंग निघतो. दुसऱ्यात कांद्याची सालं असतात. पिंपांच्या वासावरून शेजारच्या शिंप्याने एकदा तक्रार करायचं ठरवलं होतं. तो तक्रार घेऊन गेला आणि उशीची दोन कव्हरं घेऊन परत आला.

त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाचं काय कुणाच्या पायाखाली येईल याचा भरवसा नाही. शाळेच्या हेडमास्तरांचा रेघारेघांचा सदरा आज त्यांच्याच एका नापास विद्यार्थ्याच्या उंबऱ्याशी पसरलेला आहे आणि तो विद्यार्थी त्यावर फार मन लावून पाय पुसतो. शिंप्याला स्वतःच न्हावीदादासाठी बेतलेला कोट एका सतरंजीत दिसला. तो म्हणाला, न्हाव्याच्या अंगावर नव्हता एवढा इथे बरा बसलाय.

सतरंज्या आणि पायपुसणी धक्क्यावरच्या दुकानात विकली जातात, त्यावर घर चालतं. पण त्या घराचा एक नियम आहे, काकूंच्या सासऱ्यांपासून चालत आलेला. ताणा संपत आला की त्यावरचं शेवटचं कापड विकायचं नाही, द्यायचं. ज्याच्या घरात पाळणा हलला, ज्याचं छप्पर उडालं, ज्याची बोट फुटली, त्याला. नियमामागच्या कारणावरून घरात दोन मतं आहेत. काकू म्हणतात सासरे देवमाणूस होते. काका म्हणतात आपला बाप चांगला ओळखीचा होता. शेवटी ताण्याचा ताण सैल पडतो, कापड जरा वाकडं येतं, ते तसंही कुणी विकत घेतलं नसतं. काही असो, त्या घरातून निघालेली वाकडी चादर पांघरून निम्मा गाव वाढला.

हातमागाचाही एक नियम होता, पण तो कुणी सांगितलेला नव्हता. तो आपोआपच पाळला जायचा, आणि भानगड तिथेच झाली.

मागावर दोऱ्याच्या फासांनी भरलेल्या चार चौकटी टांगलेल्या असतात. ताण्याचा एकेक धागा कुठल्या चौकटीच्या कुठल्या फासातून गेलाय, त्यावर वीण ठरते. काकूंची वीण लाटेची. कापडावर एकामागून एक लाटा चालल्यासारख्या दिसतात आणि त्या विणीत जाडजूड चिंध्या अशा आवळल्या जातात की वर्षानुवर्षं आपटून धुतल्या तरी हलत नाहीत. साधी वीण कुणीही घालील, पण तिच्यात चिंध्या सरकतात आणि दोन धुण्यांत सतरंजीची चाळण होते. तर ही लाटेची धागेओवणी काकूंनी कधी केलेलीच नव्हती. त्या सून म्हणून आल्या तेव्हा माग भरलेला होता. कापड संपलं की धाग्यांची हातभर शेपटं फासांत तशीच राहू द्यायची, नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या शेपटाला गाठ मारून जोडायचा आणि हळूच ओढून घ्यायचा. धागा आपल्या वाटेने आपण जातो. काकू इतकी वर्षं गाठीच मारत आल्या होत्या. वाट पाठ कशाला करायची, वाट कुठे जाते का?

गेली. आणि गेली ती जुळ्यांमुळे.

जाळी विणणाऱ्याच्या घरी बाळ यायचं होतं, म्हणून काकूंनी त्या ताण्याचं शेवटचं कापड त्याच्या नावाने विणलं. छान मऊ, फिकट पिवळ्या पट्ट्यांचं दुपटं. कापायला कात्री हातात घेतली तेवढ्यात निरोप आला की बाळ आलं, पण एकटं आलेलं नाही, बहिणीला घेऊन आलंय. आता दुपटं एक आणि अंगं दोन. मागावर ताणा उरला होता जेमतेम अर्ध्या दुपट्याचा. दुसरं कुणी असतं तर आहे तेच मधोमध कापलं असतं, किंवा दुसरं पुढच्या खेपेला देऊ म्हणालं असतं. काकूंना ते सोसवेना. त्या म्हणाल्या, जन्मल्या दिवसापासून पोरीला कळायला नको की भावाला पुरं मिळालं आणि तिला उरलंसुरलं.

म्हणून त्यांनी ताण्याची मागची टोकं तो गुंडाळायच्या रुळावरून सोडवली, त्यांना सुतळी जोडून लांबवली आणि विणायला लागल्या. धागे पुढे सरकत गेले, काकू विणत गेल्या. मध्ये काका दारात येऊन म्हणाले, अगं, शेपटं राहू दे. काकूंनी ऐकलं नाही. त्या घरात कान गेलेला माणूस एकच आहे असं नाही. त्यांनी शेवटची चिंधी आत ठोकली, दुपटं भावाच्या दुपट्याएवढंच भरलं, आणि सुतळी सोडून ते उतरवून कौतुकाने वर उचललं मात्र, सगळे धागे चारी चौकटींतून सुळसुळ करत बाहेर आले. पाऊस थांबल्यावर पागोळ्या थांबाव्यात तसे फास क्षणभर हलले आणि नुसते लोंबत राहिले.

काकूंनी दोन्ही दुपटी नेऊन दिली, पोरांची तोंडं पाहिली, घरी आल्या आणि त्या रिकाम्या मागासमोर अशा बसल्या की काकांना वाटलं, कुणी गेलं की काय.

दुसऱ्या दिवसापासून त्या ओवायला लागल्या. नवा ताणा गुंडाळून तयार होता. डोळ्यांपुढे लाट आणायची आणि अंदाजाने धागे घालायचे. विणून पाहिलं तर लाट उठायच्या ऐवजी जिन्याच्या पायऱ्या निघाल्या. सगळं उपसून पुन्हा ओवलं, तेव्हा लाट आली पण मध्येच फुटली आणि उरलेलं कापड सपाट गेलं. काका बघून म्हणाले, ओहोटी लागलेली दिसते. त्या दिवशी काकांना चहा मिळाला नाही.

मग काकूंना सुचलं की जुनी एखादी सतरंजी समोर ठेवून धागे मोजावेत. पण घरात सतरंजी होतीच कुठे? सगळ्या वाटून झाल्या होत्या, दुकानातही एक उरली नव्हती. काका स्वतः दुकानातून आणलेली, परराज्यातल्या गिरणीची चादर पांघरत होते. तेव्हा काकू निघाल्या लोकांकडे, जरा आमची सतरंजी बघू, म्हणत. झालं, धक्क्यावर बोभाटा झाला की वाटपकाकू दिलेलं परत न्यायला लागल्या. चहाच्या टपरीवालीने आपली सतरंजी घाईघाईने माळ्यावर टाकली आणि वर उंदीर फार झालेत म्हणाली. हेडमास्तरांनी दार उघडायच्या आधी आतून विचारलं, कोण आहे? शेवटी न्हावीदादाने भीत भीत आपलं आसन दाखवलं, पण हातातून सोडलं नाही. काकूंनी त्याचा एक कोपरा धरून धागे मोजले, तो दुसरा कोपरा धरून बसला. मोजून काय उपयोग? वरून लाट दिसते, आतली वाट दिसत नाही. काकू परत आल्या आणि पहिल्यांदा मोठ्याने म्हणाल्या, की आता हे आपल्याच्याने होत नाही.

ती वाट माहीत असलेलं गावात एकच माणूस होतं. काकूंची धाकटी नणंद.

सासऱ्यांनी ओवणी शिकवली ती लेकीला. लहानपणी ती बापाबरोबर मागापाशी बसायची आणि मोजणी तिच्या तोंडात बसली होती, जशी दुसऱ्या पोरींच्या तोंडात खेळातली गाणी बसतात. पुढे तिचं लग्न गावातच झालं आणि आता ती बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात खिडकीवर असते. बर्फवाली म्हणूनच सगळे ओळखतात. हातात बर्फ ओढायचा आकडा, अंगावर नवऱ्याचा जुना स्वेटर, आणि बोलणं असं की भर उन्हात माणूस कॉलर वर करतो.

या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण विचाराल तर काकू म्हणायच्या, मी तर दिलंच होतं. आणि भांडण नेमकं त्या देण्याचंच होतं. बर्फवालीच्या नवऱ्याची बोट खडकावर फुटली, तेव्हा काकूंनी नियमाप्रमाणे शेवटचं कापड विणलं आणि तिच्या दारात नेऊन ठेवलं. नणंदेला ते फार लागलं. ज्या मागावर ती बापाशेजारी बसून वाढली, त्याच मागावरचं वाटपातलं कापड तिच्या दारात, जसं कुठल्याही बोट फुटलेल्याच्या दारात. तिचं म्हणणं होतं की वहिनींनी तिला मागावर बोलवायला हवं होतं, बाई चल, दोघी मिळून विणू. तिने ती चादर परत आणली आणि फाटकाच्या आकड्याला, जुन्या बोचक्यांच्या रांगेत अडकवून गेली. यावर दुसरी कुणी असती तर रडली असती. काकूंनी ती चादर उसवली, पट्ट्या केल्या आणि तिची चार पायपुसणी करून वाटली. तेव्हापासून बोलणं बंद.

काकू दोन दिवस नुसत्या घरात फिरल्या, म्हणजे मागाच्या या बाजूने त्या बाजूला. त्यांना देता येत होतं, मागता येत नव्हतं. लहानपणी कधी शिकल्या नव्हत्या आणि मोठेपणी गरज पडू दिली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी लुगडं बदललं, शेजारून उसना मिळालेला एक नवाकोरा टेबलक्लॉथ पिशवीत घातला आणि निघाल्या. काका दारातच उभे होते. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, पिशवी काकूंच्या हातातून काढून घेतली आणि खुंटीला अडकवली.

"हात हलवत जा," काका म्हणाले.

काकूंनी तो अख्खा रस्ता हात कुठे ठेवायचे याचा विचार करत कापला. आधी पदरात गुंडाळले, मग पाठीशी बांधले, मग पुन्हा पदरात. वाटेत भेटलेल्या बायकांनी त्यांच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं आणि तब्येतीची चौकशी केली.

बर्फाच्या खिडकीशी मासेवाल्यांची रांग होती. काकू सरळ खिडकीशी गेल्या. आतून नणंदेने मान वर न करता सांगितलं, रांगेत या. काकू मागे जाऊन टोपल्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. खालून पाणी वाहत होतं, पायांना बर्फ लागत होता, पुढच्या बाईची टोपली, मागच्या माणसाचं खोकं, आणि मध्ये काकू काहीच न घेता. नंबर आला तेव्हा मागची सगळी रांग माना उंचावून बघत होती, कारण गावात ही दोन माणसं समोरासमोर आलेली कुणी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"काय द्यायला आलात, वहिनी?" बर्फवाली म्हणाली.

"काही नाही."

"मग?"

काकूंनी हात पदरातून बाहेर काढले. "न्यायला आले."

"किती फोडू? अर्धी लादी?"

"बर्फ नको, वन्सं. तुम्हाला न्यायला आले. माझा माग रिकामा झालाय. मला येत नाही."

बर्फवालीने आकडा खाली ठेवला. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने, आता मासे गेले, असं पुटपुटून टोपली जमिनीवर टेकवली. पण बर्फवालीने मागच्यांना एकेक करून सगळा बर्फ दिला, घाई केली नाही, काकूंना बाजूला उभं ठेवलं. मग शटर ओढलं, स्वेटरची बाही सरळ केली आणि म्हणाली की चला, त्या चारी चौकटींचं काय करून ठेवलंय ते बघू तरी.

ओवणी एकट्याने होत नाही. एकीने चौकटींच्या पुढे बसायचं आणि फासातून लोखंडी सळीचा बारीक आकडा पलीकडे घालायचा. दुसरीने मागे बसून ताण्यातला धागा उचलून त्या आकड्यात द्यायचा. दोघींच्या मध्ये फासांचा पडदा, त्यातून एकमेकींचं तोंड अर्धं दिसतं, अर्धं नाही. न बोलणाऱ्या माणसांसाठी याहून बरी सोय नाही. बर्फवाली पुढे बसली. काकू मागे. आकडा आला, काकूंनी धागा दिला. आकडा आला, धागा दिला. तिसऱ्या वेळी काकूंनी सवयीने दोन दिले.

"एक," पलीकडून आवाज आला. "मागितला तेवढाच."

काकूंनी एक परत घेतला. पण जन्माची खोड, थोड्या वेळाने पुन्हा दोन. नणंदेने जादाचा धागा परत मागे ढकलला. असं दुपारभर चाललं. काका मधूनमधून चहा आणून ठेवायचे आणि इंजिन नीट चालू आहे की नाही बघावं तसे दोघींना बघून जायचे. चौकटी निम्म्या भरल्यावर पडद्यापलीकडून बर्फवाली बोलायला लागली. बोट फुटली त्या दिवसापासून सुरुवात केली आणि एकही दिवस सोडला नाही. काकू धागे देत होत्या आणि ऐकत होत्या. उत्तर द्यायला तोंड उघडलं की पलीकडून आकडा यायचा आणि धागा द्यावा लागायचा, त्यामुळे त्यांना पहिल्यांदाच कुणाचं पुरतं ऐकावं लागलं. शेवटी, अगदी कडेचे धागे राहिले तेव्हा, काकूंनी विचारलं की त्या चादरीच्या चार पायपुसण्यांतलं एक आपण कुणाला दिलं होतं, वन्संना माहीत आहे का? बर्फवाली म्हणाली, माहीत आहे, तुमच्या त्या शिंप्याला, रोज जाता-येता मी त्याच्या दुकानात पाय पुसून जाते. आणि मग फासांच्या पलीकडे काहीतरी हललं. हसू होतं की खोकला, ते काकूंना दिसलं नाही.

माग भरला. काकूंनी चौकटी वर-खाली करणाऱ्या पावड्यांवर पाय ठेवून चार चिंध्या आत ठोकल्या आणि लाट उठली, न फुटता, कडेपर्यंत गेली. त्या कितीतरी वेळ कापडावर हात ठेवून बसल्या. मग हळूच म्हणाल्या की वन्सं, ती मोजणी मला शिकवा. पुन्हा असं झालं तर तुम्हाला त्रास नको.

"नाही शिकवणार," बर्फवाली चप्पल घालत म्हणाली. "शिकलात तर याल कशाला?"

जाताना काकूंनी तिला काही दिलं नाही. द्यायला हात तीनदा पुढे गेला आणि तीनदा त्यांनी तो मागे घेतला. काका म्हणतात, ते बघणं बोटीचं इंजिन उलटं फिरवण्याइतकं अवघड होतं.

त्यानंतर कितीतरी ताणे लागले आणि संपले. आता जगातल्या कुठल्याही विणकराने पाहिलं तर डोक्याला हात लावील असं काकू करतात. शेवटचं कापड झालं की त्या शेपटं राहू देत नाहीत. मागची टोकं सोडतात, पार शेवटच्या चिंधीपर्यंत विणतात, घेणाऱ्याला वीतभर जास्त कापड मिळतं, आणि माग साफ रिकामा होतो. मग लुगडं बदलून, हात हलवत, बर्फाच्या रांगेत जाऊन उभ्या राहतात. रांगेतल्या बायका हल्ली त्यांना जागा धरून ठेवतात.

काकांनी गेल्या खेपेला एक गोष्ट पाहिली. काकू ओसरीवर पट्ट्या फाडत बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडातून, अगदी हलक्या आवाजात, ती सगळी मोजणी येत होती. एक-तीन-दोन-चार करत, वर जाऊन खाली येत, एकही चूक नाही. इतक्या वेळा पडद्यामागून ऐकून कुणाच्या तोंडात बसणार नाही? काका दारात उभे राहून पूर्ण ऐकत राहिले. काकूंनी वर पाहिलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावून विचारलं, काही म्हणालीस का?

"तुम्हाला कुठे ऐकू येतं," काकू म्हणाल्या, आणि उठून बर्फाच्या कारखान्याकडे निघाल्या.